हुकमाची वाट न बघता

मुलाखतीत माणूस पहिल्या वाक्यालाच तरतो किंवा बुडतो, हे मी नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत शिकलो. मुंबईच्या एका कचेरीत मी कारकून होतो. नोकरभरतीच्या दिवसांत उमेदवारांना हाक मारून आत सोडायचं, त्यांचे दाखले साहेबांपुढे ठेवायचे, आणि कोपऱ्यातल्या टेबलाशी बसून साहेब सांगतील ते टिपून घ्यायचं, हे माझं काम. मला स्वतःला बोलणं फारसं जमत नाही. पण दुसऱ्याचं बोलणं ऐकायला मला कधी कंटाळा आला नाही, आणि तिथे ऐकण्याशिवाय दुसरं काही नव्हतं.

‘तुमच्याबद्दल सांगा’ म्हटलं की आमच्या कोकणातला उमेदवार गावापासून सुरुवात करायचा. मग गावातलं देऊळ, मग वडील, वडिलांचे वडील, त्यांनी कुठल्या साली विहीर बांधली ते. तो स्वतःपर्यंत पोचायच्या आत साहेब घड्याळाकडे बघायला लागलेले असत. ‘ही नोकरी कशाला हवी?’ या प्रश्नाला सगळे घरची परिस्थिती सांगत. ती खरीच असे, पण बाहेर बाकावर बसलेल्या प्रत्येकाची तीच असल्यामुळे तिचा कोणालाच उपयोग होत नसे. आणि ‘काय काम येतं?’ असं विचारलं की ‘सांगाल ते करीन, साहेब.’ हे उत्तर ऐकलं की साहेब पुढचा कागद उचलत.

निवडले जाणारे लोक वेगळं बोलत. प्रश्न विचारला की आधी त्याचं थेट उत्तर, एका वाक्यात. मग स्वतःवर आलेला एखादा प्रसंग. त्यात अडचण काय होती, आपण काय केलं, त्यातून काय निष्पन्न झालं. आणि तिथे थांबायचं. थांबणं सर्वांत अवघड. बहुतेक चांगली उत्तरं शेवटच्या दोन नको असलेल्या वाक्यांनी बिघडलेली मी ऐकली आहेत.

ही विद्या मी घरात एकदाच वापरली. त्यातून धाकट्या भावाला नोकरी लागली आणि मोठ्या भावाचं तांडेलपण गेलं. मोठ्याला, दादाला, जाऊन आज महिना होत आला. रजा वाढवून मी गावीच राहिलो आहे, आणि रोज थोडं थोडं हे लिहितो आहे.

आमचा कोळीवाडा रेवसच्या अलीकडे. घरची एक होडी होती आणि वडिलांच्या मागे दादा तिचा तांडेल झाला. तांडेल म्हणजे होडीवरचा शेवटचा शब्द. कुठे जायचं, जाळं कधी टाकायचं, कधी परतायचं, हे तो ठरवतो, आणि खलाशी आपला जीव त्याच्या डोक्यावर ठेवून पाण्यात जातात. माझं डोकं पुस्तकात म्हणून वडिलांनी मला शाळेत घातलं. दादानं वयाच्या मानानं फार लवकर वल्हं हातात घेतलं. माझी फी त्याच वल्ह्यातून निघाली, पण तो ते कधी बोलला नाही आणि मी कधी तो विषय काढला नाही. शिक्षणात धाकटा आमच्या दोघांच्या मधला: सातवीपर्यंत शिकला, मग दादाच्या होडीवर खलाशी म्हणून गेला.

आमच्याकडे एक रीत आहे. समुद्रात कधी अशी वेळ येते की जाळं कापून सोडावं लागतं, नाहीतर होडी जाते. तसं झालं की किनाऱ्यावर आल्यावर कोणी ‘जाळं कापलं’ म्हणत नाही. ‘दर्याला दिलं’ म्हणतात. वाड्यातल्या बाया येऊन बसतात, चहा होतो, जाळ्याला किती सूत गेलं होतं ते बोलतात. पण कोणी कापलं, कोणी सांगितलं, हे विचारत नाहीत. खलाशीही सांगत नाहीत. होडीवरचं सगळं ‘आम्ही’ केलेलं असतं. मासळीचे वाटे पडतात, पण केलेल्या कामाचे वाटे पाडायचे नसतात. लहानपणापासून मी हे पाहत आलो होतो आणि मला त्यात काही विशेष वाटलं नव्हतं.

एका कार्तिकात आमच्या घरचं जाळंही असंच दर्याला दिलं गेलं. मी तेव्हा मुंबईत होतो. पत्रातून मला एवढंच कळलं की जाळं गेलं, माणसं सुखरूप आहेत. मी उत्तरात काळजी घ्या म्हणून लिहिलं.

त्यानंतर दीडेक वर्षानं मुंबई बंदरातल्या एका लाँचवर सारंगाच्या, म्हणजे लाँच चालवणाऱ्याच्या, हाताखाली माणूस हवा असल्याचं मला कळलं. इंजिनाच्या होड्या तेव्हा नुकत्या कुठे आमच्या बाजूला दिसू लागल्या होत्या आणि धाकट्याला इंजिनाचं वेड होतं. त्याचा अर्ज मीच भरून दिला. बोलावणं आलं तेव्हा वैशाख होता. मुंबईला नेणारी रेवसची लाँच पावसाळ्यासाठी बंद व्हायच्या आत मुलाखत होती. मी रजा काढून घरी आलो, त्याला तयार करायला.

भांगाचे दिवस होते. भरती-ओहोटीला जोर नसतो तेव्हा आमची माणसं घरी असतात. दादा अंगणात माडाला टेकून जाळं विणत बसलेला असायचा. त्याच्यापासून चार हातांवर मी आणि धाकटा. शेजारची आत्या, म्हणजे नात्यानं कोणी नव्हे, पण सगळा वाडा तिला आत्या म्हणायचा, ती बोंबील वाळत घालता घालता आमच्याकडे कान लावून असायची. आमच्या घरांच्या भिंतींना भिंती. कोणी जरा मोठ्यानं बोललं की पलीकडच्या घरात भाकरी थापणारा हात थांबतो.

मी साहेब झालो. धाकट्याला विचारलं, स्वतःबद्दल सांगा. तो म्हणाला, ‘‘आमची होडी हाय.’’

आत्या म्हणाली, ‘‘ते होडीला विचारलं का तुला?’’

सगळे हसले, दादाही. धाकट्याला घाम फुटला होता. मी त्याला सांगितलं की आधी नाव, मग किती वर्षं समुद्रावर आहेस, मग तुला काय काय येतं, एवढंच. तिसऱ्या दिवसापर्यंत ते त्याला नीट यायला लागलं. ‘काय येत नाही?’ असा प्रश्न साहेब विचारतात, तेव्हा लाजायचं नाही आणि खोटंही बोलायचं नाही, असं मी सांगितलं. तो म्हणाला, ‘‘इंग्रजी येत न्हाय, शिकीन.’’ हे उत्तर मला इतकं आवडलं की मी त्यात काही बदल केला नाही.

मग मी तो प्रश्न विचारला जो अशा जागेसाठी हमखास विचारतात. समुद्रात कधी संकटात सापडलास का? तेव्हा काय केलंस?

तो म्हणाला, ‘‘जाळं दर्याला दिलं.’’

मी म्हणालो, असं साहेबांना कळणार नाही. काय झालं ते सांग. त्यानं सांगितलं. जाळं भरून आलं होतं. ओढता ओढता वारा फिरला, होडी जाळ्याच्या अंगाला कलली आणि काठावरून पाणी आत यायला लागलं. मग आम्ही दोर कापला आणि आलो.

‘‘आम्ही म्हणजे कोण?’’

‘‘आम्ही सगळे.’’

‘‘एका दोराला सगळे कसे कापतील? साहेब विचारतील, तू काय केलंस.’’

मला वाटलं, तो नेहमीसारखा अडखळला. कचेरीत अशा वेळी साहेब काय करतात ते मला माहीत होतं. ते प्रश्न पुन्हा विचारतात, त्याच शब्दांत, आवाज न चढवता. मीही तसंच केलं. तू काय केलंस?

धाकट्यानं दादाकडे पाहिलं. तेव्हा मला पहिल्यांदा जाणवलं की इथे काहीतरी आहे. तिथे मी थांबू शकलो असतो. दुसरा प्रसंग निवडू शकलो असतो; समुद्रावर दहा वर्षं काढलेल्या माणसाकडे प्रसंगांना तोटा नसतो. पण चांगल्या उत्तराचा वास लागला की माझ्यासारख्या माणसाला दुसरं काही सुचत नाही.

दादाची विणायची सुई थांबली नव्हती. वर न बघता तो म्हणाला, ‘‘सांग त्याला. नोकरीला लागतंय ते सांगायला पायजे.’’

मग धाकट्यानं सांगितलं, मान खाली घालून. जाळं सोडायचं ते तांडेलानं सांगायचं. सगळे दादाच्या तोंडाकडे बघत होते. दादाचा हात सुकाणूवर होता आणि तो जाळ्याकडे बघत होता. पाणी घोट्याला लागलं तरी तो काही बोलला नाही. धाकट्यानं कोयता घेतला आणि दोर कापला. होडी सरळ झाली. परत येईपर्यंत कोणीच काही बोललं नाही.

आत्यानं टोपली उचलली आणि ती आत गेली. मला तेव्हा काय वाटलं, हे आठवायचा मी या महिन्यात पुष्कळ प्रयत्न केला आहे. दादाबद्दल वाईट वाटलं असेल, असं मला म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. मला जे आठवतं ते असं, की मी मनात वाक्य जुळवत होतो.

ते वाक्य मी धाकट्याला दिलं. ‘होडी कलली तेव्हा तांडेलाच्या हुकमाची वाट न बघता मी कोयता घेऊन दोर कापला, त्यामुळे होडी आणि सगळी माणसं वाचली.’ यात अडचण होती, कृती होती, निष्पत्ती होती. आणि ‘हुकमाची वाट न बघता’ या शब्दांत साहेबांना हवा तो माणूस होता. धाकटा म्हणाला, तेवढं नको. मी म्हणालो, तेवढंच तर आहे, हुकूम मिळाल्यावर कोणीही कापलं असतं. तो दादाकडे वळून म्हणाला, ‘‘दादा, हे असं बोलू का?’’

दादा म्हणाला, ‘‘खोटं हाय का? न्हाय ना. मग बोल.’’

मुलाखतीला अजून आठवडा होता. तो आठवडाभर आमच्या अंगणात ते वाक्य म्हटलं गेलं. सकाळी, दुपारी, माणसं जेवून पडलेली असताना. धाकट्याचा आवाज खुला होता आणि मीच त्याला सांगत होतो, तोंडातल्या तोंडात बोलू नको, साहेब लांब बसलेले असतात. तो अडखळला की पलीकडच्या पडवीतून कोणीतरी पुढचा शब्द सांगायचं. आत्या पुन्हा बोंबील घालायला आली, आणि एका दुपारी तो ‘हुकमाची’ या शब्दाशी अडला तेव्हा तिनं टोपलीतून मान वर न काढता तो पुरवला. कोणी हसलं नाही.

आज ते मला दिसतं. वाड्यानं जे विचारायचं नाही म्हणून पिढ्यान्‌पिढ्या पाळलं, ते मी माझ्या हातानं अंगणात मांडून आठवडाभर मोठ्यानं घोकून घेतलं. त्यात पाठ कोणाकोणाचं झालं, हा विचार मला शिवला नाही. दादा रोज तिथेच बसायचा. तो उठून समुद्रावर गेला असता, निदान आत जाऊन पडला असता, तर मला कळलं असतं. पण तो जाळं विणत राहिला. एकदा तर धाकट्यानं वारा कुठून फिरला ते चुकीचं सांगितलं, तर दादानंच त्याला थांबवून दुरुस्त केलं. म्हणाला, समोर जाणता माणूस असला तर लगेच ओळखील.

मुलाखतीहून धाकटा संध्याकाळच्या लाँचनं परतला. त्यानं सगळं सांगितलं. तो प्रश्न आला होता. त्यानं वाक्य म्हटलं, न अडखळता. मधल्या साहेबानं ते लिहून घेतलं आणि विचारलं, तांडेल कोण होता? हा प्रश्न आम्ही तयार केला नव्हता. धाकटा म्हणाला, माझा मोठा भाऊ. साहेब म्हणाले, मग तू हे असं बाहेर सांगतोस, त्याला काय वाटेल?

‘‘मी बोललो, त्यानंच सांगितलंय, सांग म्हणून. त्यानं अंगणात बसून माझ्याकडनं म्हणून घेतलंय.’’

साहेब एकमेकांकडे बघून हसले होते, वाईट हसणं नव्हे, असं धाकट्याचं म्हणणं. बहुधा त्याच उत्तरानं त्याला नोकरी मिळाली असेल. माझं वाक्य इतर दहाजणांनी घोकलेल्या वाक्यांसारखंच एक होतं. हे मी स्वतःला बरं वाटावं म्हणून लिहीत नाही. उलट त्यामुळे अधिक वाईट वाटतं, कारण मग ते वाक्य नसतं तरी चाललं असतं.

नेमणुकीचं पत्र आलं त्या दिवशी दादानं घरात पापलेटं आणली आणि वहिनींना सांगितलं, आज आत्यालाही जेवायला बोलवा.

पावसाळ्यात होड्या वर ओढून झावळ्यांनी शाकारलेल्या असतात. नारळी पौर्णिमेच्या आधी पुढच्या हंगामाचे खलाशी ठरतात. त्या श्रावणात मी दोन दिवसांसाठी घरी आलो होतो, म्हणून मला ते पाहायला मिळालं. दादाच्या होडीवरचे खलाशी एकेक करून येऊन गेले. पहिला म्हणाला, सासऱ्याच्या होडीवर माणूस कमी आहे. दुसरा म्हणाला, मुंबईला काम बघतो आहे. तिसरा वयानं मोठा, वडिलांच्या वेळेपासूनचा. त्याला काही सबब सांगता येईना. तो चहा पिऊन बराच वेळ बसला आणि शेवटी म्हणाला, ‘‘तांडेल, माझी बायको न्हाय म्हणते.’’

दादा म्हणाला, ‘‘बरोबर हाय तिचं.’’

ते तिघेही त्या दिवशी होडीवर होते. दादा बोलला नाही हे त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं आणि तरी मधला सगळा काळ ते त्याच्याबरोबर जात होते. जे स्वतः पाहिलं होतं ते त्यांनी पोटात घेतलं होतं. पण आता ते बायकांना माहीत होतं, सासऱ्यांना माहीत होतं, अगदी शब्दांसह माहीत होतं. माहीत असूनही नवऱ्याला पाठवलं, असं कुठल्या बाईनं स्वतःवर घ्यावं? मी त्यांना दोष देत नाही. द्यायला लागलो तर तो माझ्यापर्यंतच यायचा आहे.

होडी दोन वर्षं भाड्यानं दिली, मग विकली. दादा खलाशी म्हणून दुसऱ्याच्या होडीवर जायला लागला. ज्याच्या होडीवर गेला तो तांडेल दादाहून लहान होता आणि त्याला दादाला काम सांगायचा संकोच वाटे; म्हणून दादाच त्याला आधी विचारी, काय करू सांग. हे मला धाकट्यानं सांगितलं. सांगताना त्याचा आवाज पडला होता. तो लाँचवर हळूहळू वर चढला. दर महिन्याला घरी पैसे देई आणि येई तेव्हा दादासमोर फार वेळ बसत नसे. मला तो कधी काही बोलला नाही. एकदा बोलेल म्हणून मी वाट पाहत होतो. मग मला कळलं की तो मला वाचवतो आहे, आणि त्यानंतर मीही त्याच्यासमोर फार वेळ बसेनासा झालो.

दादा छातीच्या दुखण्यानं गेला. आम्ही दोघेही वेळेवर पोचलो. त्यानं दोघांकडे बघून मान हलवली, बोलण्याइतका श्वास नव्हता.

काल वहिनी पडवीत सुकट निवडत बसल्या होत्या. मी जवळ जाऊन बसलो. इतक्या वर्षांत जे बोललो नव्हतो ते बोललो, की ‘हुकमाची वाट न बघता’ हे शब्द धाकट्याचे नव्हते, माझे होते.

‘‘म्हाईत हाय, भावोजी,’’ वहिनी म्हणाल्या. ‘‘आख्ख्या वाड्याला म्हाईत हाय. त्याला असं बोलता कुठं येतंय?’’

त्या निवडत राहिल्या. मग म्हणाल्या, ‘‘त्याला तुम्ही किती विचारलंत तेव्हा. काय केलंस, कोयता कुठं होता, वारा कुठून आला. ह्यांना कोणी विचारलं न्हाय.’’

‘‘काय?’’

‘‘का थांबलात म्हणून.’’

मी विचारलं, तुमच्याजवळ दादा कधी काही बोलला का? त्यांनी नकारार्थी मान हलवली.

‘‘मी विचारलं न्हाय. आमच्यात विचारीत न्हाईत. मला वाटलं, तुम्ही शिकलेले, तुम्ही विचाराल. तुम्ही सुट्टीला यायचे ना, तेव्हा ते अंगणातच बसायचे. उन्हाचं आत या म्हटलं तरी यायचे न्हाईत.’’

त्या उठून आत गेल्या. मी तिथेच बसलो. मी प्रत्येक सुट्टीत आलो होतो. दादा अंगणात असे, मी पडवीत पुस्तक घेऊन. मध्ये चार हातांचं अंतर. आम्ही पावसाबद्दल बोलायचो, मासळीच्या भावाबद्दल बोलायचो. तो मधूनच माझ्याकडे बघायचा, आणि मला वाटायचं, मी त्या आठवड्याबद्दल काही बोलेन अशी त्याला भीती आहे. म्हणून मी पान उलटायचो.